चांगली रायफल कशाला म्हणायचे?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'बंदूक' हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. शेतात रानडुकरे हाकलायला ठेवलेली ठासणीची नळी ती बंदूक, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरची दुनळी तीही बंदूक, आणि एखाद्या जुन्या देशमुखी वाड्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर खुंट्यांवर आडवी ठेवलेली असते तीही बंदूकच. त्यातली ही तिसरी वस्तू बहुधा रायफल असते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळ्या पोलादाची नळी आणि उजव्या हाताला गोल मुठीचा बोल्ट. तिच्याविषयी आज लिहायचे आहे. मी स्वतः कधी शिकार केलेली नाही, तशी इच्छाही झाली नाही. पण आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि आपल्या भागाचा इतिहास लढायांपेक्षा जंगल, जमीन आणि कापूस यांचाच जास्त आहे. त्या जंगलाच्या इतिहासात या वस्तूचा वाटा मोठा आहे.

रायफल आणि साधी बंदूक यांतला फरक नळीच्या आत असतो. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारख्या पिळाच्या खाचा कापलेल्या असतात. गोळी त्या खाचांत रुतते, स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी डळमळ न करता सरळ जाते. हा पीळ किती घट्ट असावा, गोळी केवढी असावी, दारू किती घालावी, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ डोकेफोड झाली. ती करणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा माणूस आपल्या शेजारचाच होता. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा मध्य प्रांतातला अधिकारी. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे पुस्तक १८७१ साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. त्याच्या आधीच, १८६० च्या दशकात, त्याने शिकारी रायफलींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे की, आपल्याकडच्या दाट रानात जनावर दिसते तेच मुळी जवळून. तेव्हा फार लांबचा नेम साधणाऱ्या रायफलीचा उपयोग काय? मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी सैल पीळ; जवळून एकच पण जबर तडाखा. त्याची रायफल पुढे मागे पडली, पण त्याने विचारलेला प्रश्न टिकला. हत्याराची निवड दुकानात ठरत नाही, रानात ठरते.

त्या काळच्या काळ्या दारूचा एक मोठा दोष होता, धूर. बार काढला की समोर पांढरा पडदा. जनावर पडले, पळाले, की अंगावर येते आहे, हे धूर विरेपर्यंत कळायचे नाही. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि सगळेच बदलले. गोळी बारीक झाली, वेग कितीतरी वाढला, आणि हा वाढलेला दाब झेलायला नळीचे मागचे तोंड जास्त भक्कमपणे बंद करणे भाग पडले. तिथे बोल्टचे युग सुरू झाले.

बोल्ट म्हणजे तरी काय? वाड्याच्या दाराला आपण अडसर घालतो ना, तोच. मूठ उचलायची, मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर उडते. पुढे ढकलली की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत जाते. मूठ खाली दाबली की अडसर बसला. जर्मनीच्या पॉल माउझरने १८९८ साली या अडसराची जी रचना पक्की केली, तिच्यावर आजवरच्या असंख्य शिकारी रायफली उभ्या आहेत. पुढच्या बाजूला दोन भक्कम दात, मागे तिसरा राखीव, आणि काडतुसाची कड धरून ठेवणारी लांब पोलादी नखी. घाबरलेल्या माणसाने अर्धवट, वेडावाकडा बोल्ट ओढला तरी ती नखी काडतूस सोडत नाही. इंग्रजांच्या फौजेने मात्र जेम्स पॅरिस ली याची रचना घेतली. तिचे दात मागच्या बाजूला असतात. ती माउझरइतकी दणकट मानली जात नाही, पण बोल्ट लोण्यासारखा फिरतो आणि बार झटपट काढता येतात. माउझर चांगली की ली चांगली, यावर शिकारी मंडळी शंभर वर्षे भांडत आली आहेत.

संस्थानिक आणि बडे साहेब यांची पसंती वेगळी, दोन नळ्यांच्या रायफलीला. वाघ अंगावर आलाच तर क्षणाचाही वेळ न दवडता दुसरा बार काढता येतो, हे तिचे वैशिष्ट्य. पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागिराला त्या हाताने जुळवत बसावे लागते, आणि त्या कष्टांची किंमतही तशीच. जंगल खात्यातला साधा अधिकारी, वकील, डॉक्टर, बऱ्यापैकी शेती असलेला पाटील यांना ती परवडणारी नव्हती. त्यांच्यासाठी बोल्टची रायफल. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली भेट मिळाली ती रिग्बी कंपनीची रायफलही माउझर बोल्टचीच होती, आणि त्या काळच्या मानाने हलक्या गोळीची. त्याच सुमारास, १९११-१२ मध्ये, विलायतेत .४१६ रिग्बी आणि .३७५ मॅग्नम ही जड काडतुसे निघाली. त्यामुळे वाघ, गवा यांसारख्या मोठ्या जनावरांसाठीही बोल्टची रायफल पुरेशी ठरली.

आता निवडीबद्दल. बैल घेताना आपल्याकडे दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. रायफलही तशीच पारखून घेत.

पहिले लाकूड. आमचा जिल्हा सागवानाचा. घराच्या तुळया, दारे, पाळणे सगळे सागाचे. मग दस्ता सागाचा का नको? साग उन्हापावसात वाकत नाही, त्याला वाळवी लागत नाही, हे सगळे खरे. पण तो चिवट नाही. वारंवार धक्का बसला की रेषेवर चिरतो. बंदुकीच्या दस्त्याला तर प्रत्येक बाराला मागून गुद्दा बसतो. अक्रोडाचे लाकूड त्या मानाने हलके आणि चिवट, कोरायला सोपे आणि पोलाद आत बसवले की घट्ट धरून ठेवणारे. म्हणून पारखी माणूस दस्त्याच्या मागच्या रुंद भागावरची नक्षीदार नस पाहून भुलत नसे. हाताची पकड बसते त्या बारीक जागी लाकडाच्या रेषा सरळ, लांबीच्या दिशेने जातात का, ते तो आधी पाही. तिथे रेषा आडव्या असतील तर दस्ता कधी ना कधी तिथेच मोडणार. या लाकडाला चोळायचे ते जवसाचे तेल. थोडे थोडे, तळहाताने, दिवसचे दिवस. जवस तर आपल्याच काळ्या मातीतले. चटणीपलीकडे त्याचा हा उपयोग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

दुसरे पोलाद आणि हवामान. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि वाघाच्या शिकारीचा हंगामही उन्हाळ्याचाच, कारण पाणवठे मोजके उरलेले असतात. उन्हात तापलेल्या काडतुसाचा दाब वाढतो. त्यामुळे रिकामे काडतूस नळीत अडकून बसण्याची भीती असे, आणि ती नेमकी दुसऱ्या बाराची गरज असताना! म्हणून विलायतेतल्या कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी दारू कमी घातलेली काडतुसे वेगळी विकत. पावसाळ्यात उलट त्रास. लाकूड ओल पिऊन फुगते, नळीला रेटते आणि नेम बोटभर सरकतो. चांगल्या कारागिराच्या रायफलीत लाकूड आणि पोलाद एकमेकांना कुठे टेकावे आणि कुठे टेकू नये, याचा विचार केलेला असे.

तिसरे माप. रायफल खांद्याला लावली की मान न वाकवता डोळा माशीवर यायला हवा. आणि चौथी गोष्ट चापाची. चाप काच मोडावी तसा एकदम सुटला पाहिजे, ओढत ओढत नव्हे. ओढावे लागले की हात हलतो.

पण सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांत व्यवहाराचा प्रश्न असे काडतुसांचा. इथे सरकार आडवे येई. फौजेच्या .३०३ रायफलीत चालणारे काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये, असा इंग्रजांचा कटाक्ष होता. १८५७ नंतरची ती धास्ती होती. म्हणून हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी .३१५ हे वेगळे माप रूढ झाले. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ली पद्धतीच्या बोल्टवर या मापाची शिकारी रायफल काढली. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधने आली, १९८० च्या दशकात खाजगी शस्त्रांची आयात जवळजवळ बंदच झाली, आणि वाड्यांवाड्यांतल्या रिग्बी-माउझर काडतुसांअभावी शोभेच्या झाल्या. ईशापूरची '३१५' तेवढी चालती राहिली. देखणी कमी, पण जिचे काडतूस मिळते ती रायफल चांगली, हा धडा आमच्या भागातल्या लोकांनी असा घेतला.

हे सगळे कुणासाठी होते, हेही सांगायला हवे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी केली; युरोपियनांना सुरुवातीला त्यातून सूट होती. १९५९ साली आपण स्वतःचा कायदा केला. त्यातही एक जुनी उतरंड दिसते. पीकरक्षणासाठी म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला कायद्याने नाव घेऊन ठेवली ती ठासणीची बंदूक. रायफलीचा परवाना मात्र प्रतिष्ठेचा, ओळखीपाळखीचा. म्हणजे ज्याला रात्री खरोखर जनावराला तोंड द्यायचे त्याच्या हाती सर्वांत बेभरवशाचे हत्यार, आणि ज्याला हौस त्याच्या हाती सर्वांत नेमके. शिवाय साहेबाच्या रायफलीपुढे जनावर आणून उभे करणारे कोण? हाकारा घालणारे कोलाम आणि गोंड. माग काढणारे तेच, गारा बांधून रात्रभर झाडावर बसणारे तेच. जखमी वाघ उलटला तर पहिला बळीही बहुधा त्यांच्यातलाच. फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्याला तर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीत घातले. शिकार करणाऱ्यांच्या पुस्तकांत नावे असतात ती साहेबांची.

तरीही त्या जुन्या शिकाऱ्यांची एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्यांचा एक अलिखित नियम होता की, जखमी जनावर सोडून घरी जायचे नाही. बार चुकला आणि वाघ रक्त सांडत झाडीत शिरला, तर ज्याने बार काढला त्यानेच मागे जायचे. सगळेच हा नियम पाळत असत असे नाही. पण चांगल्या रायफलीची कल्पना यातूनच घडली. नखी का हवी, चाप का हलका हवा, काडतूस का अडकू नये? एका बारात जनावर पडावे, त्याला तडफड नको आणि हाकाऱ्यांच्या जिवाला घोर नको, म्हणून. एरवी एवढ्या बारीकसारीक पारखीचे कारणच नव्हते.

हा नियम स्वातंत्र्यानंतर झपाट्याने मोडला. युद्धानंतर जीप आली, झगझगीत दिवे आले. रात्री रस्त्याने जायचे, डोळे चमकले की बार काढायचा, आणि जखमी झाले ते रानात मरू द्यायचे. शिकारीचा धंदाही झाला. विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्यापूर्वी 'अलविन कूपर' नावाची कंपनी काढली होती. ती मध्य भारताच्या जंगलांत शिकारीच्या सफरी घडवून आणत असे. त्या काळात यात कुणालाच काही वावगे वाटत नव्हते. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ उरल्याचा अंदाज निघाला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी उरलीसुरली शिकारही संपली. शंभर वर्षे टिकावी म्हणून घडवलेल्या या वस्तूला पुरते पाऊणशे वर्षांचेही काम मिळाले नाही. हे योग्यच झाले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघांचा अंदाज आला, त्यांतले ४४४ आपल्या महाराष्ट्रात. आमचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे रान, पण तिथले वाघ आता जागा अपुरी पडून बाहेर निघतात.

आणि बाहेर म्हणजे आमच्या कपाशीत. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-१ वाघिणीची, म्हणजे अवनीची, गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर धरले गेले. त्यातले बहुतेक शेतकरी, गुराखी, मजूर. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. हुकूम असा होता की आधी बेशुद्ध करून पकडा, ते नच जमले तर मारा. कॅमेरे आले, कुत्री आली, हत्ती आले. त्यांतल्याच एका सुटलेल्या हत्तीने एका बाईचा जीव घेतला. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघिणीला गोळी घातली गेली. तिची दोन पिल्ले मागे राहिली. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कारवाईच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले. शहरात लोकांनी मेणबत्त्या लावल्या, गावात लोकांनी फटाके फोडले. मला दोन्ही बाजूंचे दुःख खरे वाटले. पण वादात सगळे भांडले ते मारावे की मारू नये यावर. मारायचेच असेल तर कुणी, कोणत्या वेळी, किती अंतरावरून, कोणत्या तयारीने, हा जुन्या शिकाऱ्यांचा प्रश्न तिथेही तितकाच महत्त्वाचा होता, आणि समितीचे आक्षेपही शेवटी त्याच प्रश्नाभोवती फिरत होते.

वाघापेक्षा रोजचे दुखणे मात्र रानडुकराचे आणि रोह्याचे. सोयाबीन, तूर, चणा, कपाशीची बोंडे, एका रात्रीत एकराचा चुराडा. माणसे मचाणावर थंडीत जागल करतात, डबे वाजवतात, फटाके उडवतात. २०१५ साली राज्य शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याच्या परवानगीची पद्धत ठरवली. पण परवानगीचा कागद मिळाला तरी नेमका बार काढणारा प्रशिक्षित माणूस आणायचा कुठून? मग कुंपणाच्या तारेत वीज सोडली जाते. तारेला डुक्कर लागते, कधी चितळ, कधी बिबट, कधी वाघ. आणि कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीच लागतो. अशी बातमी विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून दरवर्षी येते. तारेला नेम नसतो. लावणारा घरी झोपलेला असतो.

काही महिन्यांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आजोबांची ३१५ आहे घरी. परवाना माझ्या नावावर करून घेऊ की देऊन टाकू? दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन जमा करायची, परत आणायची, कंटाळा आला." मी त्याला म्हटले, दिवाणखान्याच्या शोभेसाठी ठेवणार असशील तर देऊन टाक. ठेवणारच असशील तर नेमबाजी रीतसर शीक, तिला तेल दे, कुलपात ठेव. आणि वनखात्याने उद्या परवानगी देऊन डुकराचा बंदोबस्त करायला बोलावले, तर एका बारात काम होईल एवढी खात्री असेल तरच जा. त्यालाही शेत आहे, तेव्हा त्याला हे पटले असावे. सौर कुंपण परवडत असेल तर ते आधी घाल, हेही सांगितले. त्यात जनावर मरत नाही, झटका बसून मागे फिरते.

असो. रायफलीच्या काळाचे मला प्रेम नाही, तो पुन्हा यावा असेही वाटत नाही. पण वाघाबाबत हुकूम निघतात तेव्हा, डुकरांच्या परवानगीचे अर्ज वनखात्याच्या कचेरीत पडून असतात तेव्हा, आणि संध्याकाळी कुणी धुऱ्यावरच्या तारेला आकडा टाकतो तेव्हा, जुन्या शिकाऱ्याला त्याचा उस्ताद पहिल्या दिवशी विचारी तेच विचारावेसे वाटते, की बार चुकला तर झाडीत मागे कोण जाणार आहे?